सगळ्यांचा एकच सिंह

इंटरनेटवर कट्टर उजव्या विचारांची ओळख तरुण मुले कशी घडवतात, हा आमच्या अभ्यासाचा विषय. मी रहिमतपूरच्या शाळेत शिकवता शिकवता पीएच.डी. करणारी, माझे सहकारी सांगलीच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे. कामाची वाटणी सरळ होती. चित्रांतले साम्य त्यांचा संगणक शोधे, मजकुराचा अर्थ मी लावी.

एके दिवशी संगणकाला समाजमाध्यमांवरच्या कितीतरी खात्यांवर एकच चित्र सापडले: ज्वाळांतून झेपावणारा सिंह, मागे दोन तलवारी. आम्ही हरखलो. काहींवर द्वेषाचा मजकूर होताच, म्हणून ही सारी खाती एका छुप्या संघटनेची आहेत, असे मी प्रबंधाच्या प्रकरणात लिहूनही टाकले. ते सोमवारी मार्गदर्शकांकडे द्यायचे होते. मात्र अनुमान चुकले असते, तर अनेक निरुपद्रवी मुलांवर द्वेषाचा शिक्का बसला असता. म्हणून चित्रे पुन्हा पाहिली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तासगावच्या एका फ्लेक्सच्या दुकानाचे नाव होते. ते जाहिरात समजून आम्ही दोघांनीही सोडून दिले होते.

शनिवारी आम्ही ते दुकान गाठले. मालकीणबाईंनी चित्र पाहिले.

"ह्यो सिंह माझाच हाय."

"कोणत्या संघटनेसाठी केलात?" मी विचारले.

"संघटना कसली, मॅडम? वाढदिवस, बैलगाडा शर्यत, भरती झालेल्या पोरांचं अभिनंदन, समद्यास्नी ह्योच. लय उठाव येतो."

सहकारी खाली पाहू लागले. बाई म्हणाल्या, "सर, तुमचा बी फोटू लावू का सिंहाशेजारी? तेवढंच जरा रुबाबदार दिसाल."

मला हसू आवरेना. सावरून मी विचारले, "सगळ्यांचा मजकूरही तुम्हीच घालता?"

"व्हय. पण काही पोरं सोताच लिवून आणत्यात. दुसऱ्या जातीधर्माला शिव्या. त्ये मी छापत न्हाई. मग नुसतं चित्र न्हेत्यात आन मोबाइलवर मजकूर घालत्यात."

संगणकाला साम्य दिसले होते, मला शब्द दिसले होते. पण चित्र कोणी केले आणि शब्द कोणाचे, हे दुकानात विचारल्यावरच कळले. परतीच्या एसटीत आम्ही खाती पुन्हा वेगळी केली. वाढदिवसाची आणि शर्यतींची यादीतून गेली. स्वतः लिहिलेल्या द्वेषाची थोडीच उरली. दर नावावर काट मारताना सहकारी गंभीरपणे म्हणत, "निर्दोष." तिसऱ्या-चौथ्या नावानंतर शेजारच्या आजीही त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या.

सोमवारी मी मार्गदर्शकांना निम्मेच प्रकरण दिले, आणि इतक्या आनंदाने यापूर्वी काहीच दिले नव्हते.