अण्णांचा भूप

आमच्या आळीत कुणी हळू बोलत नसे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजूंच्या दुकानांतून तांब्या-पितळेवर हातोडे पडायचे, त्यामुळे शेजारणीकडे विरजण मागायचं तरी भांडायला निघाल्यासारखा आवाज काढावा लागे. बाकीचे नाशिककर आम्हाला हसत. तांबटांच्या घरातलं गुपित आधी पंचवटीत कळतं आणि मग घरच्यांना, असं म्हणत. म्हणोत बापडे. त्यांच्या न्हाणीतले बंब आणि देवघरातले गडवे आमच्याच आळीतून जायचे, आणि ते नेताना त्यांना आवाजाचं काही वाटत नसे.

माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणे, ह्या गोंगाटात दिवसभर बसत आणि संध्याकाळी सतार वाजवत. चिंचेने हात घासून, स्वच्छ धोतर नेसून, ओसरीवर भिंतीला टेकून. त्यांना राग फारसे येत नव्हते, एक भूप येत होता. पण तो असा वाजवत की आई चुलीवरचं विसरायची. सा रे ग प ध, एवढेच सूर. "आपल्याला पाच पुरे," म्हणायचे, "सातांचा संसार थोरामोठ्यांनी करावा."

आमच्या मागच्या उंबरावर दर चैत्रात तांबट पक्षी यायचा. हातोडीसारखं टुक टुक करतो म्हणून त्याचं ते नाव. तीस साल नुकतंच उलटलं होतं, मी तेरा-चौदा वर्षांची असेन. अण्णा उंबराकडे बघत आईला म्हणाले, "यंदा आपला भाऊबंद आला नाही वाटतं." पक्षी त्या वेळी डोक्यावरच ओरडत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. 

कान जाणं आमच्या आळीत नवं नव्हतं. म्हातारपणी प्रत्येकाचे जायचे. अण्णांचे लवकर चालले होते, एवढाच फरक. पण बाकीच्यांचं काही अडत नसे, हातोडा डोळ्यांनीही चालतो. सतारीचं तसं नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे, आणि ते जागेवर आहेत की नाहीत हे कानच सांगतो. अण्णा पडदा सरकवून माझ्या तोंडाकडे बघू लागले. "लागला?" मी मान हलवी. पुन्हा सरकवत. कधी कधी सगळी संध्याकाळ ह्यातच जाई आणि भूप राहूनच जाई. एके दिवशी त्यांनी सतार आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. आई म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत अन् चणे आहेत तर दात नाहीत." त्यांना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार वाईट गेल्या. अण्णा हात धुऊन ओसरीवर येऊन बसत आणि नुसते बसून राहत. माणूस घरात असून घर रिकामं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

शरणपूरकडे राहणारे एक ख्रिस्ती मास्तर आमच्याकडे बंब दुरुस्तीला आले होते. ते रविवारी प्रार्थनेला गिटार वाजवत. सतार माळ्यावर का गेली हे त्यांनी आईकडून ऐकलं, आणि बंब न्यायला आले तेव्हा काखेत आपली जुनी गिटार घेऊन आले. मी असं वाद्य कधी पाहिलं नव्हतं. सतारीला भोपळा तरी असतो, हिला मधोमध नुसतं भोक.

"काका, हिचे पडदे लाकडात ठोकलेले आहेत," मास्तर अण्णांच्या कानाशी ओरडून म्हणाले. "हलत नाहीत. बोट जागेवर पडलं की सूर बरोबरच. डोळ्यांनी वाजवा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फक्त तारा उतरतात. त्या रोज कुणीतरी लावायच्या. ते तू कर."

तारा लावायला त्यांनी मला शिकवलं. एक तार दाबायची, शेजारची मोकळी छेडायची, दोन्ही एक होईपर्यंत खुंटी पिळायची. अण्णांना त्यांनी पाटीवर खडूने गिटारची मान काढून दिली आणि भूपाचे सूर तिच्यावर ठिपक्यांनी मांडले. ते ठिपके सबंध मानेवर पसरले होते. हाताला एका वेळी झेपतील तेवढे वेगळे करून मास्तरांनी त्यांची पाच घरं पाडली. खाली एक, त्याच्या वर दुसरं, असं पार भोकापर्यंत. "ही घरं पाठ करा, मग एकातून दुसऱ्यात जायला शिकू," म्हणाले. पण ते शिकवायच्या आतच त्यांची बदली झाली आणि ते मुंबईला गेले. गिटार आमच्याकडेच राहिली.

अण्णांनी घरं पाठ केली. आधी त्यांचा हात सतारीच्या सवयीने एकाच तारेवर वरखाली पळायचा, ती खोड मोडायलाच पावसाळा गेला. नंतर प्रत्येक घर स्वतंत्र असं चोख वाजू लागलं. हनुवटी ते गिटारच्या कडेवर टेकवत, लाकडाचा हादरा हाडाला लागतो म्हणत. पण एक घर संपलं की हात उचलायचे, पुढच्या घराची जागा डोळ्यांनी शोधायचे आणि मग पुन्हा सुरू. मधल्या मधे भूप तुटायचा. ती फट त्यांना ऐकू येत नव्हती, मला यायची. ते वाजवून झालं की माझ्या तोंडाकडे बघत. मला खोटं हसू आणता येत नसे, आजही येत नाही. ते म्हणत, "तुटतंय ना?" आणि पुन्हा पहिल्यापासून धरत.

भूप सबंध, न तुटता, एका ओघात परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही दुसरं काही नको होतं.

ती युक्ती मला दुकानात सापडली. अण्णा एका हंड्यावर मठार करत होते. मठार म्हणजे भांड्यावर ठोक्यांचे ते चकचकीत ठिपके, गोल रांगांनी काढलेले. नव्या कारागिराला अण्णा नेहमी एकच गोष्ट बजावत: अर्धा ठोका मागच्या ठोक्यावर, अर्धा पुढे. तसं केलं की रांग कुठे संपली आणि कुठे सुरू झाली ते दिसत नाही. मी ते शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी बघता बघता माझ्या लक्षात आलं, की पाटीवरच्या घरांचंही तसंच आहे. एका घराच्या वरच्या कडेचे ठिपके आणि पुढच्या घराच्या खालच्या कडेचे ठिपके वेगळे नाहीतच, तेच ते आहेत. घरांच्या मधे भिंत नव्हती, आम्हीच ती मानली होती.

संध्याकाळी मी आधी स्वतः वाजवून पाहिलं. मग अण्णांचं बोट धरून त्या सामाईक सुरावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना हंडा दाखवला. अण्णा हंड्याकडे बघत राहिले, मग बोटाकडे. "अर्धा मागच्यावर," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. बोट न उचलता ते पहिल्या घरातून दुसऱ्यात सरकले आणि परत आले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे.

दोन घरं जुळली, तिसरं जुळत आलं, आणि माझं लग्न ठरलं.

मालेगावचं स्थळ होतं, भांड्यांचं दुकान होतं, माणसं बरी होती. सगळे म्हणत, पोरीने नशीब काढलं. मला सगळ्यांचा राग येत होता. माझ्यामागे तारा कोण लावणार, हे कुणाच्याही डोक्यात नव्हतं. मी आईला शिकवायला बसले. ती बिचारी जीव तोडून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "मला दोन्ही सारखंच वाटतं गं." तिचाही जन्म त्या हातोड्यांतच गेला होता. शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांच्या जावेला विचारलं. सगळ्या आळीत तार आणि परातीच्या काठाचा आवाज वेगळा ओळखेल असा कान शिल्लक नव्हता.

पाठवणीच्या सकाळी अण्णांनी गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवली. हाताला हळद होती, नव्या बांगड्या लाकडावर आपटत होत्या. मी तारा लावल्या, नीट, पुन्हा पुन्हा तपासून, जशा काही त्या आता कायमच्या तशाच राहणार होत्या. बाहेर बायका घाई करत होत्या. मला एक खुंटीही सोडवत नव्हती.

नागपंचमीला मला माहेरी पाठवलं नाही. "माहेरले काय शे आते?" म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला. दिवाळीला मामा मुराळी म्हणून आले आणि त्यांच्यासोबत मी निघाले. सारी वाट मी गिटारचाच विचार करत होते.

आळीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते, हातोडे थांबले होते. आमच्या ओसरीवरून आवाज येत होता. सगळ्या तारा उतरल्या होत्या, आणि प्रत्येक वेगवेगळी उतरली होती. त्या आवाजात भूप नव्हता, कुठलाच राग नव्हता. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "आलीस का गं? तुझे अण्णा आता लय छान वाजवतात. रोज वाजवतात."

मी ओसरीवर गेले. अण्णांनी मला पाहिलं आणि ते हसले, पण हात थांबवला नाही. मला दाखवायचं होतं त्यांना. बोटं पहिल्या घरातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, चौथ्यात, पार भोकापाशी पोहोचली आणि तशीच उतरत परत आली. कुठे उचलली नाहीत, कुठे अडली नाहीत. मी एकटीने कधी इतकं जुळवलं नव्हतं. डोळ्यांना ते सगळं खरं होतं.

शेवटचा सा धरून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी हसायचा प्रयत्न केला. मग वाकून त्यांच्या पाया पडले, म्हणजे तोंड दिसणार नाही. आई आतून पाणी घेऊन आली. स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पूर्वीसारखं गोड लागत नव्हतं खरं. मला वाटलं, तू नाहीस म्हणून तसं वाटतंय."

अण्णा जेवायला बसले तेव्हा मी गिटार घेतली आणि तारा लावून जिथल्या तिथे ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी ते वाजवायला बसले, हनुवटी कडेवर टेकवली, पहिलं घरही पुरं केलं नाही तोच थांबले. एक तार पुन्हा छेडली. हनुवटी तशीच ठेवून बाकीच्याही एकेक छेडून पाहिल्या.

"हा हादरा निराळा आहे," म्हणाले. "काल असा नव्हता."

मला रडू आवरलं नाही. माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी भूप वाजवला, पाचही घरांतून, सुरात. आई चूल सोडून दाराशी येऊन उभी राहिली. तसा भूप त्यांनी सतारीवरही कधी वाजवला नव्हता. आणि त्यातलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. दिवाळीच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी वाजवलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी माझ्याकडे बघितलं.

मी परत निघाले त्या सकाळी ते ओसरीवर गिटार घेऊन बसले होते. मला वाटलं, मला तारा लावायला सांगणार. मी बसले आणि हात पुढे केला. त्यांनी गिटार दिली नाही. एकेक खुंटी उलटी पिळून सगळ्या तारा पार सैल केल्या, लोंबायला लागेपर्यंत. आईचं लुगडं शेजारीच घडी करून ठेवलेलं होतं.

"अण्णा, राहू द्या ना," मी म्हणाले. माझ्या ओठांवरून त्यांना ते कळलं.

"बोटं चुकत नाहीत आता माझी," ते म्हणाले. "पण तू गेल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, पोरी?"

बाहेरून मामांनी हाक मारली, टांगा आला होता. अण्णांनी लुगड्याला गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि माझी वळकटी उचलायला उठले.