तिसऱ्या सिलिंडरची नाडी

माझे कान गेले तेव्हा घरच्यांनी माझे हातही गेले असं धरून टाकलं. याचा राग मला इतक्या वर्षांनी अजूनही येतो, आणि तो मी लपवणार नाही.

फौजेत मी गाड्या दुरुस्त करायचो. एकाहत्तरच्या लढाईत एक गोळा आमच्या वर्कशॉपच्या तंबूजवळ फुटला. डावा कान पूर्ण गेला. उजव्या कानाशी कुणी मोठ्यानं बोललं तर काहीतरी पोचायचं, बाकीचं मी ओठांवरून समजून घ्यायला शिकलो. पुढची तीनेक वर्षं इस्पितळात आणि डेपोतल्या बसकामात काढून, कागदावर ‘अनफिट’चा शिक्का घेऊन पंच्याहत्तर साली मी गावी परतलो. गाव आमचं कृष्णाकाठचं, साताऱ्याहून सांगलीकडं जाताना लागणारं, उसाचं. घरात थोरला भाऊ, वहिनी, माझी बायको आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं भावाचा शब्द शेवटचा. त्याला सगळा गाव दादा म्हणायचा.

दादा वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तो माझं भलंच बघत होता, फक्त मला न विचारता. साखर कारखान्याच्या फाटकावर माजी सैनिकांना वॉचमन म्हणून घेत होते. दादानं चार लोकांना भेटून माझी जागा पक्की केली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. माझा जुना शर्ट शिंप्याकडं नेऊन खाकी कोटाचं मापसुद्धा त्यानं देऊन टाकलं होतं. मला हे कळलं ते कोट शिवून घरी आल्यावर.

मला हवी होती रस्त्याकडेची आमची पत्र्याची शेड. तिच्यात वैरण भरलेली असायची. वैरण मागच्या गोठ्यात हलवली असती तर तिथं गॅरेज झालं असतं. रस्ता वाहता होता, ट्रॅक्टर वाढत होते, आणि आसपासच्या दहा गावांत कुठं गाडी बंद पडली तर मिस्त्रीला शोधत फिरावं लागायचं. मी हे दादाला सांगितलं. त्यानं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, “इंजनाचं काम म्हंजे कानाचं काम हाय रं! तुला ऐकू न्हाई येत, तू काय करणार?”

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण दाखवायला इंजिन नव्हतं. ते दादानंच आणून दिलं.

वर्षभरापूर्वी दादानं सांगलीतून एक जुनी छोटी मोटार घेतली होती. पेट्रोलचं इंजिन काढून तीत डिझेलचं बसवलेलं होतं. पेट्रोल महागलेलं, आणि विहिरीवरच्या इंजिनासाठी घरात डिझेल असायचंच, तेव्हा मोटारही त्यावरच चालवायची, असा साधा हिशेब. मोटार आवाजाला म्हणे भयंकर होती. मला त्याचा त्रास नव्हता.

मी आल्यानंतर दोनेक महिन्यांनी ती आजारी पडली. सकाळी चालू केली की पांढरा धूर, चढाला काळा, आणि उभी असताना सगळं अंग थरथरायचं. दादा ती सांगलीच्या मिस्त्रीकडं घेऊन गेला. मिस्त्री नावाजलेला. त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि निदान दिलं: पिस्टन खराब, सिलिंडर घासलेला, सगळं इंजिन उतरवावं लागेल. त्याच्याकडं जागा नव्हती म्हणून गुरुवारी तो स्वतः येऊन मोटार ओढून नेणार होता.

मी बॉनेटवर तळहात ठेवला. चार ठोक्यांत एक ठोका रिकामा जात होता. हे काही घासलेल्या इंजिनाचं लक्षण नव्हे. घासलेलं इंजिन चारही पायांनी लंगडतं.

“नॉझलचं काम हाय,” मी दादाला म्हटलं. “डिझेलचा फवारा मारणारी तोटी बिघडलीया. इंजिन ठीक हाय.”

दादानं माझ्या बायकोकडं बघून हात उडवला. माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की सगळे तिच्याकडंच बघायचे. “जेवला का तो?” असं माझ्यासमोर तिला विचारायचे. मी ओरडलो, आणि मला माझा आवाज मापता येत नसल्यामुळं फारच ओरडलो असणार, कारण वहिनी स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. “गुरुवारपातूर मला दे गाडी. दुरुस्त झाली तर शेड माझी. न्हाई झाली तर एक तारखेला मी गेटवर उभा राहतो, पुन्यांदा तोंड उघडत न्हाई.”

दादानं खुंटीवरची किल्ली काढून दिली. तेव्हा मंगळवार होता.

बायको म्हणाली, “मी उभी राहते. कसा आवाज येतोय ते सांगते तुमास्नी.” तिचं मन चांगलं होतं. मी तिच्यावर खेकसलो, की मला कुणाचा उसना कान नको. ती आत गेली.

मी थंड इंजिन चालू केलं आणि एका वाटीत पाणी घेतलं. प्रत्येक सिलिंडरचा धूर जिथून बाहेर पडतो तिथं बिडाच्या नळीवर एकेक थेंब टाकला. पहिल्यावर थेंब उडून गेला, दुसऱ्यावर उडाला, चौथ्यावर उडाला. तिसऱ्यावर तो आरामात बसून राहिला. म्हणजे तिसऱ्यात जाळ नीट होत नव्हता. मग पंपापासून नॉझलपर्यंत जाणाऱ्या चार बारीक पोलादी नळ्या एकेक करून चिमटीत धरल्या. आतून डिझेल सुटतं त्याचा ठोका बोटांना लागतो, अगदी वैद्य नाडी बघतो तसा. तिसरीचा ठोका मऊ होता. शेवटी पान्यानं एकेका नळीचा नट सैल करून बघितला. चांगल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन अडखळतं, आणि मडगार्डवर टेकलेल्या माझ्या मांडीला ते कळतं. तिसऱ्याचं तोडलं तर काहीच फरक पडला नाही. तो आधीच काम करत नव्हता.

पण एवढ्यानं मिस्त्री खोटा ठरत नव्हता. सिलिंडर घासला असला तरी तो थंडच राहिला असता. म्हणून मी पहिलं आणि तिसरं नॉझल काढून त्यांची अदलाबदल करायचं ठरवलं. रोग नॉझलबरोबर पहिल्यात गेला तर इंजिन निर्दोष. तिसऱ्यातच राहिला तर मिस्त्री बरोबर, आणि मी गेटवर.

नॉझलखालच्या तांब्याच्या चकत्या दाबून कडक झालेल्या असतात. त्या लाल तापवून पाण्यात टाकल्या की पुन्हा मऊ होतात. त्यासाठी चूल हवी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बायकोनं भाकरी थापता थापता वर बघितलं, आणि मला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश म्हटला, “कान नको, आन् चूल चालती व्हय?”

मी माफी मागितली. तिनं चिमट्यानं स्वतः चकत्या निखाऱ्यात धरल्या, आणि नंतर गाडीत बसून स्टार्टरही तिनंच दाबला. नॉझल बसवल्यावर मी पुन्हा थेंब टाकले. तिसऱ्यावरचा उडाला. पहिल्यावरचा बसून राहिला.

मी काय केलं ते बायको नंतर सगळ्यांना सांगायची. मी म्हणे अंगणात नाचलो. मला आठवत नाही, पण नाचलो असेन.

ते नॉझल खोललं. आतली सुई तांबूस, चिकट थरानं अडकली होती. ती रॉकेलमध्ये धुतली, कडुलिंबाच्या काडीनं खरवडली, नॉझलमध्ये परत घालून आपल्याच वजनानं घसरते का बघितलं. मग नॉझल बाहेरच नळीला जोडून बायकोला स्टार्टर दाबायला सांगितलं आणि समोर वर्तमानपत्र धरलं. हात कधी धरू नये, ती धार कातडीत शिरते. कागदावर गोल, बारीक फवारा उमटला. गाडी संध्याकाळी चारही सिलिंडरवर चालली. रात्री मीच डब्यातून डिझेल ओतून टाकी भरली. दादा सकाळी तीच मोटार घेऊन रहिमतपूरला गेला.

बुधवारी दुपारी परत आला तो लंगडत. आता दोन सिलिंडर गेले होते.

“मिस्त्री खरं सांगत हुता,” दादा म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि तेच मला सोसवेना. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला मनातून भीती वाटायला लागली होती, की हे लोक बरोबर असतील आणि मी नुसता हट्टी असेन. फाटकावरचा मी मला दिसायला लागला, आल्यागेल्या ट्रकला हात करणारा.

तरी दोन्ही नॉझल काढली. सुयांवर पुन्हा तोच तांबूस थर होता, एका दिवसात. एवढ्या लवकर नॉझल आपणहून घाण होत नाही, त्याला कुणीतरी घाण पाजतं. मी उलटा चालत गेलो: नॉझलकडून पंपाकडं, पंपाकडून फिल्टरकडं. फिल्टरचा कापडी गाभा पार फाटलेला होता. त्याची वाटी सोडवली तर तळाला पाणी होतं, आणि पाण्यात तांबडा, दाट गाळ. फौजेत मी पेट्रोलपासून बर्फापर्यंत सगळं फिल्टरमध्ये बघितलं होतं, पण असा गाळ नाही. वास डिझेलचाच. काय सुचलं कुणास ठाऊक, मी बोट बुडवून जिभेला लावलं.

गोड होतं.

काकवी! मी धावत सोप्यात गेलो. डिझेलचं जुनं पिंप महिन्यापूर्वी गळायला लागलं होतं, तेव्हापासून डिझेल काकवीच्या पत्र्याच्या डब्यांतून येत होतं. आमच्याकडं काकवीचा डबा कुणी फेकत नाही. गूळ निघाल्यावर वर्षभराची काकवी त्यात भरतात, रिकामा झाला की विसळून तो कशालाही वापरतात, आणि घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं तेच असा समज असतो. विसळलेलं पाणी आणि कडेला चिकटलेली काकवी, दोन्ही डिझेलबरोबर मोटारीत जात होती. विहिरीवरचं इंजिन बैलाच्या पोटाचं, ते सगळं पचवून पाणी ओढत राहिलं. मोटारीच्या नॉझलला मात्र सुईच्या टोकाएवढी भोकं. आणि मंगळवारी त्याच डब्यानं टाकी मी स्वतः भरली होती. माझाही हात त्यात होता, हे कबूल करायला हवं. डब्याचा संशय आमच्यातल्या एकालाही आला नव्हता.

गुरुवारी सकाळपर्यंत मी टाकी उतरवून धुतली, नळ्या फुंकल्या, चारही नॉझल साफ केली, फिल्टरला जुन्या वाकळेचा दाट तुकडा कापून बसवला. गाळ मात्र एका वाटीत काढून ठेवला. नवीन पत्र्याच्या डब्यातून, तोही उन्हात वाळवून घेतलेला, पेट्रोलपंपावरून ताजं डिझेल आणून भरलं. मिस्त्री ट्रक घेऊन आला तेव्हा मी शेवटचा नट आवळत होतो.

दादा पुढं झाला. मी त्याच्यासमोर वाटी धरली. “चाट.”

“काय?”

“चाट म्हणतो न्हवं.”

त्यानं बोट लावलं, चाटलं, आणि त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. काकवीची चव त्याला सांगावी लागत नव्हती.

बायकोनं स्टार्टर दाबला. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर काढला, इंजिनावर चार ठिकाणी टेकवून ऐकलं, रेस वाढवायला लावली, धूर बघितला. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि दादाकडं वळून विचारलं. मी ओठ वाचले: “यानं कसं काय शोधलं हो?”

“माझ्याकडं तोंड करा,” मी म्हटलं. “हितंच उभा हाय मी. मला इचारा.”

तो चपापला. पण माणूस कामाचा होता. तो वळला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सावकाश विचारलं. मी थेंबापासून सगळं सांगितलं. त्यानं तिसरी नळी चिमटीत धरली, मग चौथी, बराच वेळ धरून उभा राहिला, आणि ट्रक रिकामा घेऊन सांगलीला गेला.

एक तारखेला मी शेडचं दार उघडलं आणि वैरण बाहेर काढायला लागलो. थोड्या वेळानं पेंढीचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. दादा होता. आम्ही अर्धी शेड रिकामी केली. मग त्यानं पेंढी खाली ठेवली, पदरानं घाम पुसावा तसा उपरण्यानं तोंड पुसत, माझ्याकडं न बघताच काहीतरी पुटपुटला. उपरणं बाजूला झालं तेव्हा शेवटचे शब्द मला दिसले: “...चुकलं रं माझं.”

मला स्पष्ट कळलं होतं. तरी मी कानाला हात लावला आणि म्हटलं, “काय? ऐकू न्हाई आलं.”

दादा समोर आला, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि न ओरडता, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाला.