पार्टनरांसाठी मेंदी

लष्करी अधिकाऱ्यांच्या परिषदेला मी मेंदीवाल्या बोलावल्या होत्या.

मी दुबईत इव्हेंट मॅनेजर. मंदीआधी आमची कंपनी हॉटेलांतून भारतीयांची लग्नं लावायची. मंदी आल्यावर लोक लग्नं गावी जाऊन उरकायला लागले आणि आमचा अर्धा स्टाफही गावी गेला. उरलेल्यांना आमचे बॉस, वसईचे फर्नांडिस सर, म्हणाले, "ही अबुधाबीची परिषद नीट झाली तर आपण आहोत. नाहीतर व्हिसा कॅन्सल, सामान बांधा."

परिषद एका बहुराष्ट्रीय लष्करी आघाडीची होती. आघाडी म्हणजे, एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी धावून जायचं, असा देशांचा करार. विषय होता आघाडीची पुढची दिशा. सगळ्यांचेच खजिने आटलेले. आता आपापल्या सीमा तेवढ्या राखायच्या, की बाहेरच्यांनाही बरोबर घ्यायचं?

सुरक्षेसाठी पाहुण्यांची नावं आम्हाला दिली नव्हती. इतके मेंबर, इतके पार्टनर, एवढंच. लग्नाच्या धंद्यात पार्टनर म्हणजे बायको, फार तर नवरा. मी गोल टेबलं मांडली. प्रत्येक मेंबरशेजारी एक पार्टनर, पार्टनरच्या खुर्चीवर गुलाबाचा गुच्छ. मेंबर चर्चा करत असताना पार्टनर कंटाळू नयेत म्हणून मेंदी, शिवाय गोल्ड सूकला, म्हणजे सोन्याच्या बाजारात, जायला बस.

सकाळी रजिस्ट्रेशन डेस्कवर झुबकेदार मिशांचे एक जनरल आले. कार्यक्रमाचं कार्ड वाचून त्यांनी शांतपणे विचारलं, "मेंदी दोन्ही हातांना, की एकाच?"

आघाडीच्या कर्नलबाई धावतच आल्या. त्यांच्याकडून मला कळलं की पार्टनर म्हणजे आघाडीत नसलेले, पण तिला बंदरं, विमानतळ वापरू देणारे देश. बैठकीत मेंबर मधल्या लांब टेबलाला बसतात. पार्टनर मागे, भिंतीला लागून. नुसतं ऐकायला.

"टेबलं बदला. आत्ताच्या आत्ता."

हॉलच्या दारात सिक्युरिटी ऑफिसर आडवा आला. बॉम्ब हुंगणारे कुत्रे आत फिरून गेले होते. त्यानंतर खुर्ची जरी हलवली तरी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

"खलास, हबीबी. आता फक्त माणसं आत जातील."

फर्नांडिस सरांनी मला बाजूला घेतलं. "स्वतःच्या लग्नात पण असंच केलं होतंस काय रे?"

"तिथली व्यवस्था सासऱ्यांनी बघितली होती, सर."

गुच्छ बाजूला सारून सगळे बसले. मी दाराशी, घामाघूम. एका मेंबर देशाचे अॅडमिरल म्हणाले, ज्याने त्याने आपलं घर सांभाळावं. शेजारी नेमके मिशीवाले जनरल. त्यांनी सरळ विचारलं, "तुमची जहाजं तेल भरायला आमच्या बंदरात येतात, ते घर कोण सांभाळणार?" मागे भिंतीशी बसून विचारलं असतं तर हे कोणाला ऐकू गेलं नसतं. अॅडमिरलनी खुर्ची वळवली, नॅपकिनवर नकाशा काढायला घेतला. बाकीच्या टेबलांवरही तेच सुरू झालं. लंच थंड झालं, कोणी उठेना.

संध्याकाळी ठरलं ते असं: यापुढे आघाडीचे बेत पार्टनरांना सोबत घेऊन, पहिल्या दिवसापासून आखायचे. जनरल बोलायला उभे राहिले. "आजवर प्रत्येक बैठकीत मी यांच्या मानांची मागची बाजू बघितली. आज चेहरे दिसले." हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

कर्नलबाईंच्या एका हाताला तोवर मेंदी लागली होती. दुसरा हात त्यांनी माझ्यापुढे केला. "पुढची परिषदही तुमच्याकडे. मांडणी हीच. कल्पना कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

राहायला आम्ही दोघंही शारजाला. तिकडे परतताना गाडीत मी सरांना सांगितलं, आता अशा परिषदा बऱ्याच येतील, इंग्रजीचा क्लास लावतो म्हणून.

सर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "नको रे बाबा. तुला इंग्रजी आलं तर कंपनी बंद पडेल."