लाल चिठ्ठीवरचं कारण

"डाक्तरसाहेब, मना खच्ची करा," सावळाराम म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. समोर तिशीचा धडधाकट माणूस, हातात टोपी. तो पुढे म्हणाला, "बैलाला करतात तसं. तुम्ही नाय केलं तर थंडी पडली का गावात बैल बडवणारा येतो. त्याला सांगून ठेवलंय."

थंडी पडायला फार तर तीन महिने होते.

अंबरनाथच्या एका कारखान्यात तेव्हा मी मेडिकल ऑफिसर होतो. चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. सावळाराम वांगणीपलीकडच्या एका वाडीतला. नाव अर्थात बदललं आहे. चौथी शिकलेला, लेथवर कामाला. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवत ठेवून कातायचं मशीन. हात चांगला होता, खात्यावर देखरेख करणारा चार्जमनसुद्धा त्याला मानायचा. कारखान्याच्या चाळीत बायको हिरा आणि चार वर्षांची बारकी.

वर्षात दोनदा तो परमा घेऊन आला होता. परमा म्हणजे वाईट ठिकाणी गेल्यावर होणारा गुप्तरोग. पेनिसिलिन नवीन होतं, टोचलं की आठवड्यात बरा. दोन्ही वेळा मी त्याला झापलं होतं आणि विषय संपला असं समजलो होतो. आता कळलं की तो आठवड्यातून तीन-चारदा कल्याणला एका गल्लीत जातो. वर्षभर हेच चाललं होतं.

"मजा येते म्हणून जातोस ना?" मी विचारलं.

"मजा कसली साहेब. पोटात मुरडा आला का माणूस बसून राहील का? जावंच लागतं. येताना गाडीत रडाया येतं."

मी चक्रावलो. मजा येत नाही, रडू येतं, तरी जातो. आज याला कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर म्हणतात. म्हणजे मनाला नको असताना पुन्हा पुन्हा घडणारं कामवर्तन. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत, गोळ्या आहेत. माझ्या पुस्तकात तेव्हा 'अतिकामुकता' असा अर्धा परिच्छेद होता आणि त्याखाली ब्रोमाइड.

म्हणून ब्रोमाइड दिलं. ब्रोमाइड मिक्स्चर हे मेंदूला सुस्ती आणणारं औषध. आमचा कंपाउंडर लधाराम बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. लधाराम सिंधमधून आलेला, उल्हासनगर कॅम्पात बराकीत राहायचा. माणूस कमी बोलायचा, पण नजर घारीची.

बाराव्या दिवशी सावळाराम लेथवर पेंगला. बाही मशीनमध्ये गेली. शेजाऱ्याने पट्टा सरकवून मशीन थांबवलं म्हणून हात वाचला. वर्क्स मॅनेजरने मला बोलावून घेतलं. काय आजार आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नर्व्हस सिस्टिमचा. फिट की अनफिट, एका शब्दात सांगा, म्हणाला. मी फिट म्हटलं आणि घाम पुसत बाहेर आलो. अनफिट म्हणालो असतो तर तो गावाला गेला असता, आणि गावात कोण त्याची वाट बघत होतं ते मला ठाऊक होतं.

ब्रोमाइड बंद. मुंबईतल्या एका बड्या मानसतज्ज्ञाला पत्र लिहिलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: ब्रोमाइड चालू ठेवा, रुग्णास सद्ग्रंथ वाचावयास द्यावेत. मी ते पत्र फाडलं.

मग मला आमच्या आजोबांचा उपाय सुचला. त्यांनी काकाची तपकीर देवापुढे शपथ घालून सोडवली होती. मी स्वतः सावळारामला शिवमंदिरात नेलं, पिंडीवरचं बेलपान उचलायला लावलं आणि वदवून घेतलं: पुन्हा जाणार नाही. दर सोमवारी ड्यूटीच्या आधी देवळात जायचं, बेलपान उचलायचं, मग दवाखान्यात येऊन मला खरं काय ते सांगायचं. एम.बी.बी.एस. झालेला मी! पण मला वाटलं, औषध देवाचं का असेना, लागू पडलं म्हणजे झालं.

लागू तर पडलं नाहीच, उलट तो जास्त जायला लागला. तीनचं पाच झालं.

एका सोमवारी माझं डोकं सरकलं. का जातोस, कधी जातोस, काय होतं तेव्हा, असं विचारलं की याचं एकच उत्तर, "ठाव नाय." मी ओरडलो, "तुमच्या खात्यात तुकडा बिघडला की लाल चिठ्ठी लावता ना? कधी बिघडला, का बिघडला, लिहिता ना? मग हेही लिहीत जा!"

माझं ते बोलणं शुद्ध टोमणा होता. कारखान्यात मापाबाहेर गेलेल्या प्रत्येक तुकड्याला लाल रिजेक्शन स्लिप बांधायची पद्धत होती. तारीख, वेळ, कारण. सावळाराम निमूट गेला आणि पुढच्या तीन आठवड्यांत मला पंधरा लाल चिठ्ठ्या आणून दिल्या. बाळबोध अक्षर, एकही रकाना रिकामा नाही.

मी वाचत बसलो. बायकांचा, कल्याणच्या गल्लीचा कुठे उल्लेखच नाही. 'कारण: पट्टा तुटला, दोन तास बसून.' 'कारण: काल गेलो म्हणून.' 'कारण: डाक्तर रागावले.' आणि तीन चिठ्ठ्यांवर, 'कारण: बारकीला ताप.'

आता पोरीला ताप आला तर बाप घरी बसेल, वैद्याकडे धावेल. हा कल्याणला का जातो? मला वाटलं, माणूस एक तर वेडा आहे नाहीतर नालायक.

लधारामने चिठ्ठ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या. थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, "साहब, देखो. सोमवार की रात, मंगलवार की रात. बाकी दिन कम है. सोमवारको हम लोग इसको क्या देते हैं?"

सोमवारी आम्ही त्याला बेलपान देत होतो. आणि माझी शिवीगाळ.

त्या दिवशी मी पहिल्यांदा न ओरडता विचारलं. बारकीच्या तापाचं काय आहे, सावळाराम? तो टोपी चुरगाळू लागला. मग बोलला. पहिल्यांदा परमा झाला तेव्हा हिराने त्याला बारकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. पुन्हा गेलो तर पोर मरेल. तो गेला. आठ दिवसांनी पोरीला ताप भरला. पोरीचा ताप उतरला, पण याची भीती तशीच राहिली; पुढे पोरीचं अंग जरा गरम लागलं की ती उसळायची.

"दर वेळेला वाटतं का आता ती जाणार. छातीत धडधड होते. मग धडधड थांबवाया जातो. आलो का दुप्पट होते. आता मुळातच कापून टाकलं तर पोर तरी वाचंल ना?"

हा मुलीला वाचवायला स्वतःला कापून घेणार होता, आणि त्या शपथेवर मी देवाची आणखी एक चढवली होती. एकादशीला चुकून पोळीचा घास तोंडात गेला की 'मोडलाच उपास' म्हणत ताटभर जेवणारी माणसं आपण बघतो. याचं तेच होत होतं, फक्त इथे पणाला पोर लागली होती. मला माझीच लाज वाटली.

माझी शपथ मी तिथल्या तिथे सोडली. 'सुटली' म्हटलं, बास. आपल्याकडे ज्याने शपथ घातली त्यानेच ती सोडायची असते. पण हिराची शपथ हिरानेच सोडायला हवी होती.

ती आली बारकीला कडेवर घेऊन. नऊवारी घट्ट खोचलेली, चेहरा त्याहून घट्ट. मी सगळं समजावलं. तुझी शपथ त्याला थांबवत नाही, ढकलते आहे. थंडी आठ दिवसांवर आली आहे. बैल बडवणाऱ्याच्या हातून नवरा जगेलच याची खात्री नाही.

ती म्हणाली, "म्हंजे मी सोडली का हा मोकळा."

"शपथेतून मोकळा."

"मंग नाय जाणार?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "जाईलही," मी म्हटलं. "कमी होईल असं वाटतं. पण खरं सांगू? मला ठाऊक नाही."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो जमिनीकडे. मग तिने बारकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "सुटली. पोरीवरची सुटली. तुझी-माझी नाय सुटली." सावळाराम लहान पोरासारखा रडला.

मला हायसं वाटलं. मी लधारामला चहा सांगितला. चिठ्ठ्या चालू ठेवायच्या, रागावणं बंद, मशीन बंद पडलं की खात्यात न बसता सरळ दवाखान्यात येऊन लधारामला मदत करायची, असं सगळं मी भराभर सांगत होतो. मोठा डॉक्टर झालो होतो मी!

हिरा उठली नाही. सावळाराम बाहेर गेल्यावर म्हणाली, "त्याला सुया टोचल्या तुम्ही. दोन वेळा. माझ्या ओटीपोटात सहा महिने दुखतंय. अंगावरून जातंय. कोणाला सांगू? दवाखाना कामगारांचा, बायकांचा नाय म्हणतात."

तीन महिने मी सावळारामच्या मनाचा गुंता सोडवत होतो. नवऱ्याला दोनदा परमा झाला म्हणजे बायकोचं काय झालं असेल, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मला एकदाही सुचलं नव्हतं. कारखान्याच्या रजिस्टरात तिचं नाव नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यातही नव्हतं.

नियम बाजूला ठेवून मी तिला त्याच दिवशी पेनिसिलिन सुरू केलं. लधारामने एका शब्दानेही विचारलं नाही. दुखणं गेलं, पण त्यानंतर तिला मूल झालं नाही.

सावळाराम थंडीत गावाला गेला नाही. महिन्यात दोनदा कल्याणला गेला, मग दोन महिन्यांत एकदा. पूर्ण थांबला का, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बदली होऊन मी निघालो तेव्हा चिठ्ठ्या यायच्या थांबल्या होत्या, एवढंच. त्याला नेमकं काय बरं करून गेलं, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

पुढे तीस वर्षं प्रॅक्टिस केली. असा माणूस आला की त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आधी मी विचारायचो, घरी कोण आहे, तिचं नाव काय, आणि तिला उद्या घेऊन येशील का. हिराला मी हे विचारायला वर्षभर उशीर केला.