जाळीमामींचा सुपर कप

गावात कुठेही जाळी दिसली, की ती जाळीमामींच्या हातची आहे असं खुशाल समजावं. ट्रकवरचा माल आवळायच्या जाळ्या, शाळेच्या जिन्याला लावलेली जाळी, कबुतरं आत येऊ नयेत म्हणून दवाखान्याच्या खिडक्यांवर ठोकलेली जाळी, सगळ्या त्यांच्याच पुढच्या खोलीतून बाहेर पडलेल्या. हे काम त्यांना सासूने शिकवलं. सासूबाई जिभेच्या फटकळ, पण हात सोन्याचा. सुनेने विणून ताणलेल्या जाळीला त्या टिचकी मारून बघायच्या आणि ती जरा लोंबली तर निमूट सोडायला लावायच्या. ढिली जाळी म्हणजे ढिलं घर, हे त्यांचं मत. मामींनी ते इतकं मनावर घेतलं, की कपडे वाळत घालायची दोरी बांधली तरी ती तारेसारखी वाजायची.

मामी हे नाव भाच्यामुळे पडलं. नणंदेचा मुलगा लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढला. तो मामी म्हणतो म्हणून शेजारी म्हणू लागले, मग सगळं गाव. दिवसा तो टपाल वाटायचा आणि संध्याकाळी गावाच्या संघाचा गोल राखायचा. गाव त्याला पोस्टमन म्हणे. एखादा गोल सुटला की लोक ओरडायचे, "पोस्टमन, पत्ता चुकला, परत पाठव." त्याचे मामा, म्हणजे मामींचे यजमान, जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेले. संघ हरला की ते दोन दिवस जेवणाला नावं ठेवत. त्यामुळे फुटबॉलमधलं फारसं न कळताही गाव जिंकावं असं मामींना मनापासून वाटे.

त्या वर्षी गावाच्या संघाने देशाचा कप जिंकला. कसा जिंकला हे खेळाडूंनाही नीट सांगता येत नसे. आता प्रथेप्रमाणे लीग जिंकणारा बलाढ्य संघ आणि कप जिंकणारे हे, अशा दोघांचा सुपर कपचा एकच सामना व्हायचा होता, आणि तोही कप जिंकणाऱ्यांच्या मैदानावर. मैदानाला रंग लागला, बाकडी ठोकून पक्की झाली. गोलच्या जाळ्या मात्र जुन्या होत्या. क्लबच्या सचिवांना तयार जाळ्या मागवायच्या होत्या, पण मैदानाचे माळीबुवा अडून बसले. गवत आपलं, खांब आपले, मग जाळीच परकी कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सचिव कबूल झाले, पण मामींना बजावायला विसरले नाहीत.

"सामना टीव्हीवर देशभर दिसणार आहे. काही चुकलं तर नाव तुमचं जाईल, मामी."

"आणि काही चुकलं नाही तर?" मामींनी विचारलं.

सचिवांनी घड्याळ बघितलं आणि काढता पाय घेतला.

मामींनी जीव ओतून दोन जाळ्या विणल्या. लावायच्या दिवशी त्यांनी त्या मागच्या खुंट्यांना अशा ताणून बांधल्या, जणू सुरकुती नसलेली चादर. माळीबुवांनी जाळीवर तळवा ठेवून बघितला आणि जराशी सैल असती तर बरं, असं चाचरत सुचवलं. मामींनी सासूबाईंचं वाक्य त्यांना ऐकवलं. माळीबुवांनी तळवा काढून घेतला.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात आलं की आज मांजर आणि उंदराचा खेळ आहे. पाहुण्यांचे खेळाडू चेंडू एकमेकांना असे देत होते जसं घरच्या घरी ताट पुढे सरकवावं. पहिला गोल झाला तेव्हा चेंडू जाळीवर फाडकन आदळला, जाळीने तो झेलला आणि एक गाठ हलली नाही. मामींच्या चेहऱ्यावर हसू आलं. शेजारी बसलेल्या मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते त्यांना घाईने गिळावं लागलं. दुसरा झाला, तिसरा झाला. मामी आता जाळीकडे चोरून बघत होत्या.

मग पाहुण्यांच्या कर्णधाराने लांबून एक फटका मारला. चेंडू गोलच्या आडव्या दांड्याखालून आत शिरला, ताणलेल्या जाळीच्या वरच्या कोपऱ्यावर आपटला आणि तितक्याच वेगाने बाहेर आला. पंच लांब होते आणि रेषेवरच्या पंचांसमोर खेळाडूंची गर्दी होती. चेंडू दांड्याला लागून परतला असं समजून त्यांनी खेळ चालू ठेवला. पाहुणे धावत पंचांकडे गेले, पण निर्णय बदलला नाही. इकडे बाकड्यांवर आनंदाला उधाण आलं. ज्यांना खरं दिसलं होतं ते तर मामींच्या पाठीवर थाप मारायला आले. पोस्टमनला जमेना ते मामींच्या जाळीने केलं, असं एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मामाही हसले, सामना सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

मामींना हसू येईना. जाळीचं काम एकच, आत आलेलं धरून ठेवणं. ट्रकच्या जाळीने माल रस्त्यावर फेकला असता तर त्यांनी ती जाळली असती. त्यांनी ही जाळी मालासाठी बांधतात तशी बांधली होती. माल जागचा हलत नाही, चेंडू मात्र वाऱ्यासारखा येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता गाव त्या चुकीचा सत्कार करत होतं.

मध्यंतर होताच त्या उठल्या. मामांनी पदर धरला. "कुठे निघालीस? तीनच झालेत. गप्प बस."

"चार झालेत," मामी म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

पंच मैदानाच्या कडेला पाणी पीत होते. मामींनी सरळ सांगितलं, "साहेब, तो चेंडू आत गेला होता. माझ्या जाळीने परत फेकला. मी ती जास्त ताणली होती."

पंचांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. मग म्हणाले की एकदा खेळ पुढे गेल्यावर तो गोल आता देता येणार नाही. "पण तुम्ही हे सांगायला कशाला आलात?"

"दोन्ही जाळ्या सैल करायच्या आहेत. परवानगी द्या."

पंचांनी मान डोलावली. मामी दुसऱ्या टोकाच्या गोलकडे चालू लागल्या, कारण आता पोस्टमन तिथे उभा राहणार होता. त्या काय करणार हे लोकांना कळलं तसा बाकड्यांवरून गलका झाला. कुणी म्हणालं, मामी, त्यांच्याकडची करा, आपली राहू द्या. कुणी म्हणालं, घरभेदी. मामींनी वर पाहिलं नाही. खुंटीपाशी बसून त्यांनी पहिली गाठ सोडली. भाचा हातमोजे घालत जवळ आला.

"मामी, आता सगळे आतच राहतील गं."

"राहू देत. आत आलेलं आत ठेवणं माझं काम. बाहेर ठेवणं तुझं."

तो हसला आणि दुसऱ्या बाजूची गाठ सोडायला वाकला. दुसरी जाळीही सैल करून मामी वर आल्या तेव्हा त्यांच्या आजूबाजूची बाकडी रिकामी झाली होती. मामा मात्र तिथेच होते. त्यांनी बाकड्यावरची धूळ हाताने झटकली.

उत्तरार्धात आणखी तीन गोल झाले. पोस्टमनने त्याहून बरेच अडवले, अंगावर घेतले, एकदा तर तोंडावर. जे आत गेले ते जाळीत अलगद विसावले, जसं बाळ झोळीत. शेवटची शिट्टी झाली तेव्हा फलकावर सहा-शून्य होतं. पाहुण्यांच्या कर्णधाराने करंडक घेण्याआधी, आपला फटका परतवणाऱ्या त्या कोपऱ्यातल्या जाळीला हात लावून बघितला. मामींनी ते पाहिलं. त्यांची मान जरा ताठ झाली.

परतताना फाटकापाशी सचिव भेटले. ते मामींकडे न बघता मामांचं सांत्वन करू लागले. एवढ्या मोठ्या संघापुढे सहाच झाले, त्यात काही लाज नाही, म्हणाले.

मामांनी त्यांना थांबवलं. "सात झाले, सचिवसाहेब. एक दिला नाही पंचांनी. पण आमच्या घरात तो धरला आहे."

मग ते मामींच्या बरोबरीने चालू लागले. घरी जेवायला काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि जे होतं त्याला त्या दिवशी नावं ठेवली नाहीत.