खाणीकाठचं ऑफिस

मी तेव्हा नुकतीच आर्किटेक्ट झाले होते. सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका कारखानदारानं आपल्या ऑफिसचं काम बाईच्या हाती दिलं, याचंच लोकांना नवल. या साहेबांनी चाकणच्या रस्त्याला एक बंद पडलेली दगडाची खाण घेतली होती. तिथं कंपनीचं मुख्य ऑफिस बांधायचं होतं. जमीन म्हणजे नुसती खडी. दोन वर्षं गावतळ्यातला गाळ आणून पसरला, ताग पेरून खतासाठी मातीत गाडला, तेव्हा कुठं गवत धरलं. ते सगळं करवून घेतलं शेजारच्या गावातल्या एका मावशींनी. खाणीआधी तिथं त्यांच्या सासऱ्यांची बाजरी व्हायची. आता कंपनीनं त्यांना बागेवर नेमलं होतं.

वाद झाला तो खाणीच्या खड्ड्यावरून. साहेबांना तो बुजवून वर मोठा पोर्च हवा होता. मावशी मला म्हणाल्या, "बाई, ह्यो बुजवू नका. चैत सरला तरी पाणी हाय हितं." काठावर उभं राहिलं की वारा पाण्यावरून गार होऊन अंगावर यायचा. मी नकाशात इमारतच खड्ड्याभोवती वळवली, पश्चिमेच्या भिंती जाड दगडी केल्या. मला ऑफिस हवंय, विहीर नको, असं म्हणून साहेबांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांना जागेवरच जेवायला बोलावलं. मावशींनी भाकरी-पिठलं आणलं, काठावरच्या करंजाखाली सतरंजी टाकली. जेवल्यावर साहेब बोलता बोलता लवंडले आणि चक्क घोरायला लागले. आम्ही दोघी तासभर कुजबुजत बसलो.

उठल्यावर ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "माझी केबिन इथंच काढा."

"इथं कॅन्टीन दाखवलंय, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी मावशींकडे बघितलं.

"बाईंचं बराबर हाय," मावशी म्हणाल्या. "तुमी एकल्यानं झोपून काय करणार?"

साहेब हसत सुटले. मी बरोबर आणलेल्या नकाशावर त्यांनी तिथंच, सतरंजीवर सही केली.

ऑफिस झालं. पहिल्या उन्हाळ्यात कॅन्टीनमधून कुणी वेळेवर उठेना, म्हणून घंटा बसवावी लागली. ती वाजल्यावरही साहेब पाच मिनिटं तिथंच रेंगाळायचे, आणि सगळे तिकडे न बघितल्यासारखं करून जिना चढायचे.