घरात खानारी किती?

"घरात खानारी किती?"

भाजीचा भाव विचारला की ती आधी हे विचारायची. एक हात पाटीवरच्या ओल्या फडक्यावर, नजर थेट आपल्या तोंडाकडे. आकडा सांगितल्याशिवाय फडकं बाजूला व्हायचं नाही. मी टोकावड्याच्या शाळेत गणित शिकवते, पण सकाळी सकाळी एसटीच्या थांब्यावर कुणी मलाच तोंडी परीक्षेला बसवावं याची सवय नव्हती.

"पाच," मी पहिल्यांदा म्हटलं होतं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. तिनं शेवळाच्या दोन जुड्या काढल्या आणि वर मूठभर काकडं ठेवली. पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारावर येणारे हे शेवळाचे कोंब तुम्ही खाल्ले असतील, तर काकडाची आंबट फळं का लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. खाल्ले नसतील तर एवढंच सांगते, की त्यांच्यावाचून ही भाजी घशाला खाजते.

"अजून एक जुडी द्या," मी म्हटलं.

"कशाला? उद्या मी हायेच की."

गिऱ्हाइकाला कमी घ्यायला लावणारी विक्रेती मी तोवर पाहिली नव्हती. तुम्हीही पाहिली नसेल.

ती वरच्या वाडीतून यायची. सकाळी बसनं, परत जाताना पायी. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मी शहाणपणा शिकवायला गेले. "आता तरी दोन्ही वेळेला बसनं जा की!"

"दोन अर्ध्यांचं एक पुरं तिकीटच झालं ना, बाय? आन येताना भाजी सुकते म्हनून बस. जाताना मी काय सुकत नाय."

बाकीच्या बायका बारा वाजले की उरलेला माल निम्म्या भावात काढायच्या. ही नाही. उरलेली भाजी फडक्यात बांधून घरी न्यायची आणि खायची. "दुपारी स्वस्त दिली तर सकाळी कोन घेईल? सगली दुपारचीच वाट बघत बसतील." हे वाक्य मी वर्गात फळ्याजवळ उभी राहून निदान दहा वेळा सांगितलं असेल. मुलांना ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळतं.

एकदा माझ्या माहेरची माणसं येणार होती, आम्हाला धरून जेवायला दहा जण. तिनं चार जुड्या दिल्या. मला आठ हव्या होत्या, कारण पाहुण्यांपुढे पातेलं भरलेलं दिसायला हवं. "चार बास. ज्यादा न्याल नि टाकाल," ती म्हणाली. मला राग आला. पलीकडच्या बाईकडून मी आणखी चार घेतल्या आणि तोऱ्यात घरी आले. काकडं मात्र तेवढीच राहिली, चार जुड्यांची. जेवताना आधी माझा भाऊ खाकरला, मग वहिनी, मग सगळी पंगतच घसा साफ करू लागली. निम्मं पातेलं गाईपुढे गेलं. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं तर पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की पुढची बस तिच्या हसण्यातच निघून गेली.

सासूबाई गेल्या त्या वर्षीही मी सवयीनं "पाच" म्हणून बसले. ती फडकं बाजूला न करता माझ्याकडे बघत राहिली. मग मीच म्हटलं, "नाही. चार." आणि तिथंच, थांब्यावर, मला रडू आलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि चार माणसांचीच भाजी दिली. दयेपोटी एक काडीही जास्त घातली नाही. ते मला फार बरं वाटलं.

मग शहराकडचा एक टेंपोवाला यायला लागला. जेवढी शेवळं असतील तेवढी तो एकरकमी उचलायचा. अख्खी वाडी डोंगरावर लोटली. घाईघाईत शेवळं, पुढच्या वर्षी ज्यातून फुटायची त्या कंदासकट उपटली गेली. ही मात्र आपल्या वाट्याच्या उतारावरची अर्धी शेवळं तशीच ठेवायची. हिच्या घराचं छप्पर गळत होतं आणि सुनेला त्यावर पत्रे हवे होते. टेंपोत सगळी शेवळं घातली असती तर ते आले असते. सून भर थांब्यावर तिच्यावर ओरडली, "अर्धी शेवलं डोंगरात ठेवून कुनाचं भलं करतेस गो? पोरं भिजतात घरात!"

"गलतं ते मलाबी दिसतंय," ती म्हणाली. "पन पुढलं वरीसबी खानारंच हाय ना? त्याला नको का मोजायला?"

सुनेनं तिच्याशी बोलणं टाकलं. छपरावर प्लास्टिकचा कागद आला आणि तो दोन पावसाळे राहिला. मला तिचं पटत होतं, पण ओल्या अंथरुणातली पोरं आठवली की पटायचं थांबायचं. तिलाही आठवत असणार. त्या दोन वर्षांत ती फारशी हसली नाही.

तिसऱ्या वर्षी टेंपो आला आणि रिकामा गेला. वाडीच्या वाट्याचा डोंगर नुसता उकरलेला होता. शेवळं होती ती हिच्या उतारावर. त्या वर्षी तिनं आपला भाव घेतला, थांब्यावरच विकली, आणि दिवाळीआधी पत्रे बसले. नव्या पत्र्यांखाली तिला मोजके दिवस मिळाले. थंडीत, चार दिवसांच्या तापात ती गेली. मला आठवड्यानं कळलं.

यंदा जूनमध्ये थांब्यावर तिच्या जागेवर सून बसली होती. पाटी अर्धीच भरलेली.

"एवढीच?" मी विचारलं.

"बाकीची वर ठेवलीत," ती खाली बघत म्हणाली. मग तिनं ओल्या फडक्यावर हात ठेवला. "घरात खानारी किती?"

मुलं आता नोकरीसाठी बाहेर असतात. "दोन," मी म्हटलं.

"आमच्यातबी एक कमी झालं, बाय," ती म्हणाली आणि एक जुडी काढून माझ्या पिशवीत घातली.

दुपारी शाळेच्या खिडकीतून मला ती दिसली. बस तिच्या पुढ्यात येऊन थांबली आणि निघून गेली. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती वाडीच्या रस्त्याला पायी लागली होती.